वसुलीचा दिवस

रायपूरच्या पोलीस ठाण्यांत आजही एक गुन्हा नोंदवला जातो, त्याचं बोलीतलं नाव 'कर्जा एक्ट'. कागदावर तो ऋणियों का संरक्षण अधिनियम, १९३७. स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी नागपूरला, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या राजधानीत, हा कायदा झाला. पुढे तो प्रांत मोडला, राजधानी भोपाळला गेली, २००० साली छत्तीसगढ वेगळं झालं, पण कायदा जागच्या जागी राहिला. कर्जदाराचा छळ म्हणजे काय, हे त्यात बारकाईने सांगितलं आहे: त्याला धमकावणं, जाईल तिथे त्याचा पाठलाग करणं, त्याच्या मालमत्तेला हात घालणं, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळत राहणं. व्याज किती घ्यावं याची उठाठेव हा कायदा करत नाही. त्याची नजर फक्त दाराशी येऊन उभ्या राहणाऱ्या माणसावर आहे.

ही नजर अचूक होती. रायपूर आणि आसपासच्या मुलखातल्या कर्जांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर व्याजाच्या दरावरून झालेली भांडणं त्यात थोडी सापडतात. खरी झटापट दिसते ती वसुलीच्या दिवसावरून. धान खळ्यावर येतं किंवा पगार हातात पडतो, त्या दिवशी त्याच्यावर पहिला हात कुणाचा?

नागपूरच्या भोसल्यांच्या अमलात हा पहिला हात सरकारचा होता. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राहून कारभार पाहत. १७८७ मध्ये ते वारले आणि नागपूरकरांनी सुभेदार नेमून मुलूख दुरून चालवायला सुरुवात केली. महिपतराव दिनकर हे पहिले सुभेदार. त्यांच्यानंतर आलेल्या विठ्ठलराव दिनकरांनी जुन्या गढांच्या जागी परगण्यांची व्यवस्था लावली. गावचा गौंटिया, म्हणजे गावप्रमुख, सरकारी हप्ता भरायला जबाबदार. हप्त्याची तारीख आणि पिकाची वेळ जुळली नाही की गौंटिया सावकाराकडे जायचा आणि रयत गौंटियाकडे. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं आणि रायपूरचं नशीब फिरलं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी गौंटियांना मालगुजार करून गावांची मालकी दिली. त्यामुळे गाव गहाण टाकता येऊ लागलं, विकता येऊ लागलं आणि कर्जापायी जप्तही होऊ लागलं. आधी सावकाराला फार तर पीक मिळायचं, आता अख्खं गाव मिळण्याची सोय झाली.

रयतेचं कर्ज मात्र बहुतेक वेळा रुपयांत नव्हतंच. ते धानात होतं. त्याला इथे 'बाढी' म्हणतात. आषाढात पेरणीच्या तोंडाशी, घरातली कोठी रिकामी झालेली असताना बियाण्याला आणि पोटाला धान उचलायचं आणि कापणीनंतर सवाईने किंवा दीडपटीने परत करायचं. चार-सहा महिन्यांत सवाई म्हणजे वर्षाचा दर काय होतो, याचा हिशेब मालगुजारही करत नसे आणि रयतही. हिशेब व्हायचा तो काठ्याने. काठा म्हणजे धान मोजायचं लाकडी माप. वीस काठ्यांची एक खंडी. मोजणारा पहिल्या काठ्याला 'एक' म्हणत नाही, 'राम' म्हणतो, आणि मग दोन, तीन असं पुढे जातो. देताना माप सपाट आणि घेताना शिगोशीग, ही तक्रार जुनी आहे. त्या शिगेतच व्याजावरचं व्याज दडलेलं असे. खळ्यावर मालगुजाराचा माणूस बसलेला, शेजारी धानाची रास, आणि रास घरी जाण्याआधीच तिच्यातून बाढी बाजूला काढलेली. पौषी पुनवेला छेरछेरा मागायला दारात पोरं येत तेव्हा त्यांच्या टोपलीत मूठभर धान पडे ते उरलेल्या राशीतलं.

या व्यवस्थेतली सगळ्यात गाजलेली घटना १८५६ ची. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायण सिंह यांनी कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याकडे लोकांसाठी धान मागितलं. नवं पीक आलं की फेडू, असा वायदा केला. माखन बधला नाही. नारायण सिंहांनी कोठार उघडून धान वाटलं आणि आपण काय केलं ते स्वतःच डेप्युटी कमिशनरला कळवलं. लुटारू आपल्या लुटीची वर्दी देत नाहीत. नारायण सिंहांच्या दृष्टीने ते सक्तीने घेतलेलं का होईना, कर्जच असावं. डेप्युटी कमिशनर इलियट यांनी ती चोरी मानली. ऑक्टोबर १८५६ मध्ये नारायण सिंह पकडले गेले आणि रायपूरच्या तुरुंगात आले. पुढच्या ऑगस्टमध्ये ते निसटले, सोनाखानला जाऊन लढले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात फाशी दिलं. ती जागा म्हणजे आजचा जयस्तंभ चौक, असं शहर मानतं. त्या चौकातून रोज लाखभर वाहनं जात असतील. धानाच्या उधारीवरून सुरू झालेलं प्रकरण इथे संपलं, हे किती जणांच्या मनात येत असेल कोण जाणे.

महाराष्ट्रात याच विषयावरचा उद्रेक अठरा वर्षांनी झाला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरंदुकानं फोडली आणि रोखे, दस्तऐवज जाळले. तिथे कागद जाळले गेले, इथे कोठार उघडलं गेलं. दख्खनमध्ये सावकाराचं हत्यार कोर्टाची डिक्री होतं आणि छत्तीसगढात धानाचं माप. दख्खनच्या दंग्यांतून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा निघाला. छत्तीसगढाच्या वाट्याला असा कायदा यायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

मधल्या काळात आगगाडी आली. १८८० च्या दशकात नागपूरहून निघालेली लाइन राजनांदगावपर्यंत आणि तिथून रायपूरपर्यंत पोचली. जे धान गावातच राहायचं ते आता कलकत्त्याच्या बाजूला जाऊ लागलं, त्याला भाव आला, आणि भाव आला तशी बाढी देणाऱ्याची हावही वाढली. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी उरलेलं काम केलं.

रायपूरच्या मराठी माणसाला यापुढची गोष्ट जवळची वाटेल, कारण तिचा नायक तात्यापारा-बुढापाराच्या मराठी रायपुरातला आहे. वामन बळीराम लाखे यांचा जन्म १८७२ चा. वडील गरिबीतून वर आले आणि कष्टाने काही गावांचे मालगुजार झाले. म्हणजे ज्या वर्गाच्या तिजोरीतून कर्ज निघे, त्याच वर्गात वामनरावांचं बालपण गेलं. शाळेत माधवराव सप्रे त्यांचे सोबती. या दोघांनी रामराव चिंचोळकरांना जोडीला घेऊन जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. सप्रे आणि चिंचोळकर संपादक, लाखे प्रकाशक. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात या मासिकाला मानाचं पान आहे. पैशाच्या इतिहासात मात्र एकच नोंद आहे: तीन वर्षांत ते तोट्यामुळे बंद पडलं. पुढे सगळ्या जिल्ह्याच्या कर्जाची व्यवस्था लावणाऱ्या माणसाचं पहिलंच खातं असं लाल शाईत संपलं.

लाखे १९०४ मध्ये वकील झाले. योगायोगाने सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदाही त्याच वर्षीचा. १९१३ मध्ये त्यांनी रायपूरला को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक उभी केली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं सचिव म्हणून तिचं काम बिनपगारी सांभाळलं. पगार वाटणाऱ्यांच्या आणि पगार घेणाऱ्यांच्या या गोष्टीत हा बिनपगारी सचिव उठून दिसतो.

बँकेचं यंत्र समजून घेण्याजोगं आहे. गावातल्या दहा किंवा जास्त माणसांनी मिळून सोसायटी काढायची. शहरातले वकील, व्यापारी, मालगुजार सेंट्रल बँकेत ठेवी ठेवणार, बँक तो पैसा सोसायटीला देणार आणि सोसायटी सभासदाला. गावच्या सोसायटीची जबाबदारी अमर्याद असे. म्हणजे एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं, अगदी स्वतःची जमीन विकूनसुद्धा. म्हणून कुणाला किती द्यायचं हे सभेत सगळ्यांसमोर ठरे आणि बैलासाठी, बियाण्यासाठी की सरकारदेण्यासाठी, तेही विचारलं जाई. कर्ज हा सावकाराच्या ओटीवर खालच्या आवाजात उरकायचा व्यवहार होता, तो असा चावडीवर आला. आज 'आर्थिक शिस्त' म्हटलं की एकट्या माणसाला उपदेश केला जातो, त्याच्या चहाचा आणि मोबाइलचा खर्च काढला जातो. त्या पिढीने शिस्तीचं ओझं गावावर टाकून पाहिलं. शेजारी बैल घेतोय की लग्नात उडवतोय यावर दहा जणांचे डोळे असले की कर्ज बुडणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

हिशेब साफ बरोबर होता असं म्हणवत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सोसायटी आपल्यात घ्यायला कचरे, कारण त्याच्या बुडण्याची शिक्षा बाकीच्यांना. ज्याला बाढीवाचून गत नव्हती, तो बाढीवरच राहिला. आणि ठेवी ठेवणारे मालगुजार-व्यापारी गावात स्वतःची सावकारीही चालवत असतील, तर त्यांना आपल्याच बँकेची भरभराट किती हवी होती, हा प्रश्न उरतोच. तरी सवाईच्या जोडीला दुसरा पर्याय उभा राहिला, हे लाखेंचं देणं मोठं. सरकारने त्यांना १९१६ मध्ये रायसाहेब केलं, १९२० मध्ये असहकारात त्यांनी ती पदवी परत केली. १९३० च्या आंदोलनात रायपूरने आपल्या पाच पुढाऱ्यांना पांडव ठरवलं तेव्हा लाखे धर्मराज झाले. द्यूतात सगळं घालवणाऱ्याचं नाव सहकारी बँकेच्या प्रवर्तकाला द्यावं, यातली गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात आली होती की नाही, ठाऊक नाही. आज शहरात लाखेनगर आहे.

मग मंदी आली. १९२९ नंतर धानाचे भाव कोसळले. कर्जाचा आकडा तोच राहिला, पण तो फेडायला दुप्पट धान लागू लागलं. सोसायट्यांची थकबाकी साचली, सावकारांचे दावे वाढले, आणि नागपूरच्या विधिमंडळातून कर्जाच्या कायद्यांची रांगच लागली. १९३३ चा कर्ज-समेट कायदा देशातला आपल्या प्रकारचा पहिला. तालुक्याला मंडळ बसे, ऋणको अर्ज करी, धनकोंना आपापलं येणं लेखी मांडावं लागे, जो मांडणार नाही त्याचं येणं बुडे. मग घासाघीस होऊन रक्कम खाली येई आणि हप्ते बांधून दिले जात. १९३४ च्या सावकारी कायद्याने प्रत्येक ऋणकोचा वेगळा हिशेब ठेवणं आणि त्याला दरसाल उतारा देणं सक्तीचं केलं; दामदुपटीचं जुनं तत्त्वही, म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मिळणार नाही हे, त्यात आलं. मनोती, म्हणजे आगाऊ कपात, कापून नव्वद द्यायचे आणि वहीत शंभर मांडायचे, या हातचलाखीला निदान कागदावर तरी आळा बसला. १९३९ मध्ये, रायपूरचेच वकील रविशंकर शुक्ल प्रांताचे मुख्यमंत्री असताना, कर्जनिवारणाचा आणखी कडक कायदा झाला. आता समेटाची विनवणी संपली आणि न्यायालयांनाच मुद्दलाला कात्री लावण्याचा अधिकार मिळाला. कर्ज जितकं जुनं, तितकी कात्री मोठी.

या रांगेत एक कायदा फारसा कुणाला आठवत नाही, आणि पगारावरच्या कर्जाच्या दृष्टीने तोच सर्वांत नवलाचा. १९३६ चा मध्य प्रांताचा औद्योगिक कामगार कर्जफेड कायदा. महिन्याला पन्नास रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचं कर्ज त्याची मालमत्ता आणि तीन महिन्यांचा पगार यांच्या बेरजेपेक्षा जास्त झालं, तर तो न्यायालयात जाऊ शकत होता. न्यायालय त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवून देई, ती फार तर तीन वर्षांत फेडायची, बाकीची गेली. यामागे कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाचा १९३१ चा अहवाल होता. देशातल्या बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के, हा व्याजाचा नेहमीचा दर आहे, असं आयोगाला आढळलं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा राहणारा सावकार आयोगाने पाहिला होता. कारखान्याच्या दाराशी वसुलीसाठी ठाण मांडणं हा गुन्हा ठरवा, अशी शिफारस त्याने केली. १९३७ चा 'कर्जा एक्ट' त्याच विचारातून आलेला.

पण कायद्याला हद्द असते. रायपूरहून सत्तर किलोमीटरवर राजनांदगावला बीएनसी मिल्स ही या भागातली मोठी कापड गिरणी होती. ठाकूर प्यारेलाल सिंहांनी १९२० मध्ये तिथे गाजलेला संप घडवला होता. राजनांदगाव मात्र संस्थान, आणि प्रांताचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. ज्या कामगाराला नव्या कायद्याची सगळ्यात जास्त गरज, तो रेघेच्या पलीकडे.

स्वातंत्र्यानंतर पगारदारांची नवी वस्ती भिलाईला उभी राहिली. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली आणि धानाच्या मुलखात महिन्याच्या महिन्याला रोख पैसा येऊ लागला. खात्रीचा पगार म्हणजे सावकाराला खात्रीचं तारण. पुढे पगार बँकेत जमा व्हायला लागला तसा सूदखोरही दारातून उठून यंत्रापाशी गेला. कर्जदाराचं एटीएम कार्ड आणि पिन सूदखोराच्याच खिशात, सोबत सही केलेले कोरे धनादेश आणि कोरा स्टॅम्प पेपर. रायपूर आणि दुर्ग-भिलाईच्या पोलीस कारवायांत हा ऐवज पुन्हापुन्हा सापडतो. पगार झाला की पैसे सावकार काढणार आणि घरखर्चाला म्हणून त्यातलेच थोडे परत देणार, तेही व्याजाने.

कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत याच गोष्टीला वेगळं वळण मिळालं. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली कंत्राटी कामगारांची संघटना उभी राहिली, मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाते आहे असं दिसल्यावर संघटनेने दारूबंदी स्वतःच हाती घेतली. आजारपण हे कर्जाचं दुसरं मोठं कारण, म्हणून १९८३ मध्ये कामगारांनी वर्गणी आणि अंगमेहनत घालून शहीद हॉस्पिटल बांधलं. लाखेंच्या सोसायटीप्रमाणे इथेही जबाबदारी एकट्यावर टाकली नव्हती. फरक एवढाच, की इथे पैसा देण्याऐवजी पैसा गळण्याच्या जागा बुजवल्या.

खेड्यातली सर्वांत खोल कर्जं मात्र आकड्यांत नव्हतीच. लग्नासाठी उचल घेतलेला माणूस कमिया म्हणून मालकाच्या घरी राबे. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा करार नवा होई आणि उचल जुनीच राही. ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची सगळी कर्जं एका फटक्यात रद्द केली. रकमेच्या हिशेबात ही कर्जमाफी किरकोळ असेल. माणसांच्या हिशेबात तिच्याएवढी मोठी झालेली नाही.

यानंतर कर्जमाफी निवडणुकीच्या भाषेत शिरली. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची, २००८ मध्ये साठ हजार कोटींच्या घोषणेची, या दोन्ही केंद्राच्या. छत्तीसगढची स्वतःची मोठी माफी १७ डिसेंबर २०१८ ची. भूपेश बघेल यांनी रायपुरात मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि काही तासांत सहकारी आणि ग्रामीण बँकांची अल्पमुदतीची पीककर्जं माफ केल्याचं जाहीर केलं. सुमारे १६ लाख ६५ हजार शेतकरी, ६,१०० कोटींच्या वर रक्कम. व्यापारी बँकांची कर्जं नंतर जोडली गेली. बँकेच्या वहीत नाव असलेला सुटला. ज्याने दुसऱ्याची जमीन रेगहाने (खंडाने) किंवा अधियाने (अर्ध्या वाट्याने) कसली होती आणि धान सावकाराकडून उचललं होतं, त्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. माफी करायला आधी नोंद लागते, आणि गरिबाच्या कर्जाची नोंद नेमकी सावकाराच्याच वहीत असते.

शहरात दरम्यान मोबाइलवरची कर्जं आली. पाच-दहा हजारांची रक्कम, सात किंवा पंधरा दिवसांची मुदत, आणि हप्ता चुकला की फोनमधल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला शिवीगाळीचा निरोप. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला अशी सुमारे १,१०० अ‍ॅप्स आढळली. त्यांतली ६०० बेकायदा. सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी पैसा थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावा आणि फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावू नये असं बजावलं. १९३७ च्या कायद्यात घराजवळ घुटमळण्याला बंदी आहे; फोनच्या यादीत घुसणं हे त्याचंच आजचं रूप.

गावात पीककर्जाची वसुली आता खळ्यावर होत नाही, ती धान खरेदी केंद्रावर होते. शेतकरी धान सोसायटीला विकतो, त्याच सोसायटीकडून त्याने शून्य टक्क्याने पीककर्ज घेतलेलं असतं, आणि धानाच्या पैशातून ते परस्पर वळतं होतं. याला सगळे 'लिंकिंग' म्हणतात. २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसने पुन्हा कर्जमाफीचं वचन दिलं. भाजपने माफीचं नाव न काढता एकरी २१ क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३,१०० रुपयांनी घेऊ म्हटलं, आणि तो जिंकला. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव २,१८३ रुपये होता. तो जमा झाला तेव्हा कर्ज त्यातून आधीच कापून घेतलेलं होतं. वरचे ९१७ रुपये वेगळे, मार्च २०२४ मध्ये आले.